काच निवेपर्यंत

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

दादाला नमस्कार, आईला सांग की मी वेळेवर जेवते, आणि हे पत्र आधी तू एकटी वाच. फोन केला की आई मध्येच फोन ओढून घेते, दादा मागून सल्ले देत राहतो आणि मला सांगायचं ते पोटातच राहतं. म्हणून आता पत्रच लिहायचं ठरवलंय. हसायचं तेवढं हसून घे.

तर, तुझी नणंद भट्टीच्या हॉलची प्रमुख झाली! आधीचे प्रमुख, नाना, निवृत्त झाले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "ही मोठी काच अखंड निघाली तर हॉल कायमचा तुमचा. नाही निघाली तर पुन्हा ड्रॉइंगच्या टेबलाशी." ते टेबल म्हणजे वरच्या मजल्यावरची ती कोंदट खोली, जिथे मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भट्ट्यांची चित्रं काढत मान मोडून घेतली. तिथे परत जायची कल्पनाही मला सोसत नाही. मला हा हॉल हवाय, वहिनी. एवढं हवंसं मला दुसरं काहीच कधी वाटलेलं नाही.

आणि काच! तिच्याबद्दल कसं लिहू? वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी आहे ती. गोल, आणि आपल्या बैठकीच्या खोलीत मावणार नाही एवढी मोठी. काचेचे ओबडधोबड तुकडे साच्यात रचले आणि भट्टी चालू केली. भट्टीच्या भिंतीत बघायला एक छोटं भोक आहे. गडद चष्मा लावून मी त्यातून पाहिलं आणि श्वास घ्यायचा विसरले. ते तुकडे एकमेकांत विरघळत होते. कोपरे गेले, फटी गेल्या, आणि बघता बघता आत एक नारिंगी तळं झालं. त्यावर एक तरंगही नव्हता. या तळ्याचा पुढे आरसा होणार, तो डोंगरावर जाणार, आणि माणूसजात जन्मायच्या आधी कुठून तरी निघालेला उजेड एखाद्या दिवशी त्यावर येऊन टेकणार. मागे आमच्या हॉलमधला गवई (हे टोपणनाव) उभा होता. म्हणाला, "ताई, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घरी जाऊन कुणाशी बोललो नव्हतो."

आता उन्हाळ्यापर्यंत काम एकच, काच हळूहळू निववायची. एका बाजूने लवकर निवली तर आतल्या आत ताण धरते आणि पुढे कधीतरी, कुणी हातही लावलेला नसताना, फुटते. म्हणून तिन्ही पाळ्यांत एकेक जण तापमानाच्या काट्यापुढे बसलेला असतो. सकाळी पहिलवान (अंगाने काडी, म्हणून पहिलवान), दुपारी गवई, जो दिवसभर काहीतरी गुणगुणत असतो, आणि रात्री मास्तरीणबाई, ज्या आधी शाळेत गणित शिकवायच्या.

नानांनी इथे एक वळण लावून दिलंय. पाळी बदलताना उतरणाऱ्याने येणाऱ्याला सगळं मोठ्याने सांगायचं. काटा कुठे होता, काय हललं, काय चुकलं, कुणाचं चुकलं, अगदी स्वतःचंसुद्धा. ऐकणाऱ्याने फक्त "कळलं" म्हणायचं. प्रश्न विचारायचे ते बाहेर, चहाच्या वेळी. हॉलमध्ये सांगितलेल्या चुकीवरून कुणी कुणाला बोलायचं नाही. याला इथे नुसतं "सांगणं" म्हणतात. मला ते जरा बालवाडीतल्यासारखं वाटतं, पण चालू ठेवलंय.

तुझी,
ठमी

---

२० जानेवारी

वन्संबाई,

प्रमुख झालात म्हणून लगेच अहोजाहो करते, पुढच्या ओळीपासून पुन्हा ठमीच.

ठमे, तुझं पत्र मी वॉर्डातल्या स्टोअरमध्ये, चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून वाचलं. ते नारिंगी तळं दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही. एका पेशंटचा ताप बघायच्या ऐवजी मी तिच्या कपाळावर हात ठेवून तशीच उभी राहिले. ती म्हणाली, "सिस्टर, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" शेवटी तुझ्या दादालाही वाचून दाखवलं. एकटीने वाच म्हणाली होतीस, पण एवढं मोठं काही एकटीच्या पोटात ठेवायचं म्हणजे जुलूमच की. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "हिला लहानपणी चहाचा कप धुवायला दिला तरी फुटायचा." म्हणजे त्यांना अभिमान वाटला. ते असंच बोलतात.

नानांचं ते वळण मला फार आवडलं. मोडू नकोस हं. बालवाडीत शिकवलेलं माणूस मोठेपणी विसरतो म्हणूनच घोळ होतात. माझ्याही वॉर्डात शिस्त आहे, तुला माहीतच आहे. सकाळी मी फेरीला निघते तेव्हा एक चादर तिरकी नसते. सगळ्या बायका तोंड धुऊन, वेण्या घालून, उशीला टेकून बसलेल्या असतात. मोठे डॉक्टर बाहेरच्या पाहुण्यांना आधी माझा वॉर्ड दाखवतात. मला त्याचा माज आहे, खोटं कशाला बोलू?

आई म्हणतात, भट्टीपाशी सुती कपडे घाल.

तुझी,
वहिनी

---

१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आईला सांग, सुतीच घालते.

मी कानाला खडा लावलाय की हॉलमध्ये ढिलाई चालू द्यायची नाही. सांगते काय झालं ते. मागच्या आठवड्यात गवई पाळीवरून उतरताना सगळ्यांसमोर म्हणाला, "दुपारी माझा जरा डोळा लागला. काटा खाली आला होता. जाग आल्यावर मी तो हळूहळू वर आणला." आणि हे इतक्या सहज, जसं काही खिडकी उघडी राहिली म्हणून सांगतोय! त्याच वेळी साहेब जिन्यात उभे होते. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "डोळा लागला? या काचेपुढे? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" मास्तरीणबाईंनी "कळलं" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

नानांचा नियम मोडला, मान्य. पण नाना होते तेव्हा एवढी मोठी काच नव्हती. साहेब जाताना माझ्याकडे बघून मान हलवून गेले.

आणि परिणाम बघ. तेव्हापासून सांगण्यात एकही चूक नाही! पहिलवान येतो, "काटा जागेवर, सगळं ठीक." गवई, "सगळं ठीक." मास्तरीणबाई, "सगळं ठीक." आता ते मला ताई नाही, मॅडम म्हणतात. गवईने तर गुणगुणणंही सोडलंय, इतकं मन लावून बसतो. पाळी बदलायला पूर्वी चहा निवेपर्यंत वेळ लागायचा, आता दोन वाक्यांत आटोपतं. वहिनी, मला वाटतं, प्रमुख होणं मला जमतंय.

भोकातून आता नारिंगी दिसत नाही. सगळा अंधार. काच आत आहे आणि दिसत नाही, हेच किती थोर वाटतं.

ठमी

---

२४ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. स्पष्ट लिहिते, राग आला तर येऊ दे.

तीन माणसं, एवढी मोठी भट्टी, एवढ्या पाळ्या, आणि कुणाचं काहीच चुकत नाही? अगं, मी इतकी वर्षं हॉस्पिटलात काढली. जिथे माणसं आहेत तिथे गोळी राहते, सुई हुकते, कुणीतरी दमतं. कानावर काहीच येत नसेल तर त्याचा अर्थ काही घडत नाही असा होत नाही. तुला कुणी सांगत नाही, एवढाच होतो. गवईचं गाणं मन लावून बसल्यामुळे बंद झालेलं नाही. तू त्याला चारचौघांत लाज काढून गप्प केलंस. आणि बाकीच्यांनी ते पाहून तोंडात मिठाची गुळणी धरली.

माझं ऐक. एखाद्या दिवशी त्याच्या जागी तू स्वतः काट्यापुढे बस. पूर्ण पाळी. प्रमुख म्हणून नाही, पाळीवरचं माणूस म्हणून. आणि उतरताना जे झालं असेल ते सांग. समोर गवईच असेल असं बघ.

रागावलीस तरी जेव.

वहिनी

---

२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मिळालं.

तुझ्या वॉर्डातल्या गोष्टी आणि भट्टी यांत फरक आहे. मला इथली माणसं जास्त माहीत आहेत. आईच्या गुडघ्यांसाठी ते तेल पाठवलंय.

ठमी

---

१९ मार्च

प्रिय वहिनी,

आधी एक. मागचं पत्र फाडून टाक. ते लिहून मी पेटीत टाकलं आणि तिथेच जीभ चावली.

मी पाळीवर बसले. एका रविवारी दुपारी. गवईला म्हटलं, तुम्ही आज माझ्यानंतर, रात्रपाळीला या, ही पाळी माझी. तो "बरं, मॅडम," म्हणाला आणि गेला.

पहिल्यांदा मला वाटलं, यात काय मोठं? खुर्ची, काटा, बाजूला हीटरच्या स्विचांची रांग. मग कंटाळा येऊ लागला, मग डोळे जड झाले. भट्टीजवळ ऊब किती असते, हे उभं राहून कळतच नाही. मी गालावर चापट्या मारून घेतल्या, वहिनी. त्या दिवशी मी गवईला काय काय बोलले ते शब्द न् शब्द आठवायला लागलं.

झोप उडावी म्हणून मी उठले आणि बॅटरी घेऊन भोकातून आत पाहिलं. आत सगळं काळं होतं, आणि बॅटरीचा झोत त्या काळ्यात शिरल्यावर काच दिसली. नुसती थांबलेली. विहिरीत वाकून पाहावं आणि पाणी आपल्याकडे बघत असावं, तशी. मी तिथेच खिळले. मध्ये केव्हातरी दिवे लुकलुकले, वीज गेली आणि आली. अशा वेळी सगळे स्विच हाताने पुन्हा लावायचे असतात, हे मीच भिंतीवर लिहून लावलंय. मी घाईघाईने लावले आणि परत भोकाशी गेले. एक राहिला. शेवटचा. डाव्या बाजूचा. लक्षात आलं तेव्हा काटा बराच खाली गेला होता.

मी स्विच लावला, काटा हळूहळू वर यायला लागला, आणि खरं सांगते, डोक्यात पहिला विचार आला तो असा की गवई येईपर्यंत हा जागेवर येईल, कुणाला कळणार नाही. दुसरा विचार आला, अरे देवा, हे तिघं इतके दिवस हेच करत असणार.

गवई आला. पहिलवानही आला होता, सकाळची पाळी संपलेली असून. मास्तरीणबाईंना मीच बोलावलं होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं. वीज गेली, एक स्विच माझ्याकडून राहिला, कारण मी काच बघत बसले होते, काटा खाली गेला, आणि मला ते लपवावंसं वाटलं. गवईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याच्या जागी मी असते तर बोललेच असते. तो नुसतं म्हणाला, "कळलं, ताई."

वहिनी, त्याने ताई म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला.

आणि मग बांध फुटला. पहिलवान म्हणाला, "ताई, डावीकडचा तो हीटर बऱ्याच दिवसांपासून कमी तापतोय. काच त्या बाजूने निवू नये म्हणून मी रोज सकाळी तिथे भट्टीच्या मागून न जळणाऱ्या लोकरीचं आच्छादन घालतो." गवई चमकला. म्हणाला, "तू आच्छादन घालतोस? मला काय माहीत! मी येतो तेव्हा हीटर कमीच असतो, म्हणून मी तो वाढवून ठेवतो." मास्तरीणबाई खालीच बसल्या. "म्हणून," त्या म्हणाल्या, "म्हणून रात्री ती बाजू एवढी तापलेली असते. मी हीटर उतरवते आणि आच्छादन काढून ठेवते. सकाळी हा पुन्हा घालतो."

कळलं का तुला, वहिनी? तिघंही चांगली माणसं. तिघांनाही काचेची काळजी. तिघंही एकच गोष्ट निस्तरत होते, एकमेकांपासून लपवून, माझ्यापासून लपवून. आणि पाळी बदलायच्या आधी काटा जागेवर आणून ठेवत होते, म्हणजे मला सगळं ठीक दिसेल. काच मात्र एका अंगाने रोज थंड, गरम, थंड. एकट्याने केलं असतं तर चाललं असतं. तिघांनी मिळून तिच्यात ताण भरला, आणि त्यांना मिळून बोलू न देणारी मी.

मास्तरीणबाईंनी पाठ केल्यासारखे आकडे सांगितले आणि आम्ही चौघांनी हिशेब मांडला. उपाय एकच होता. सगळी काच पुन्हा पहिल्यासारखी तापवायची, आतला ताण सुटू द्यायचा, आणि पहिल्यापासून निववायची. म्हणजे उन्हाळा गेला, वेधशाळेला दिलेला शब्द गेला, आणि कदाचित हॉलही.

मी साहेबांकडे एकटी गेले. ते लाल झाले. "कुणाची चूक?" मी म्हटलं, "हॉलची. म्हणजे माझी." "नाव सांगा." "सांगितलं की." बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिले. मग म्हणाले, "तापवा. पण यावेळी काही झालं तर मला येऊन कारण सांगू नका. सरळ वरच्या मजल्यावर जाऊन बसा."

मग भट्टी हळूहळू पुन्हा तापवत नेली. भोकातून तो नारिंगी रंग पुन्हा दिसला तेव्हा पहिलवान आणि गवई माझ्या दोन्ही बाजूंना होते. कुणी कुणाला धक्का न देता आळीपाळीने बघत होतो. एवढी मोठी चूक झाल्यावरही ती पुन्हा वितळायला तयार होती, याचं मला किती आश्चर्य वाटलं म्हणून सांगू!

तू सांगितलं नसतंस तर मी कुठे असते? तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही. एक सहज विचारू? मला तू सांगतेस. तुझ्या वॉर्डात तुला कोण सांगतं गं?

तुझी,
ठमी

---

२२ एप्रिल

ठमे,

उत्तराला उशीर झाला. तुझ्या शेवटच्या प्रश्नाने झाला.

तू सहज विचारलंस, आणि मी सहज उत्तर द्यायला बसले, की सगळ्याजणी सांगतात. मग आठवू लागले, शेवटचं कोणी काय सांगितलं. बसले बसले, आणि काहीही आठवलं नाही. "हो सिस्टर. झालं सिस्टर. सगळं ठीक आहे, सिस्टर." तुला पानभर शहाणपण शिकवणारी मी!

बरेच दिवस टाळलं. मग एका दुपारी, काम हलकं होतं तेव्हा, सगळ्याजणींना ड्यूटी रूममध्ये बसवलं आणि तुझ्या भट्टीची गोष्ट सांगितली. सगळी, तुझ्या त्या स्विचसकट. (रागावू नकोस.) आणि म्हटलं, आता माझ्याबद्दल सांगा. मी फक्त "कळलं" म्हणेन. आधी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, हा काय नवा डाव म्हणून. मग सगळ्यांत अबोल असलेली धाकटी सिस्टर म्हणाली, "सिस्टर, तुमच्या सकाळच्या फेरीसाठी आम्ही पेशंटना पहाटे उठवतो."

मला अर्थच लागेना. ती म्हणाली, चादरी सरळ दिसाव्यात, वेण्या घातलेल्या दिसाव्यात, म्हणून अंधारातच सगळ्यांना उठवून बसवतात. ऑपरेशन झालेल्यांना पण. रात्रभर दुखण्याने झोप नसलेल्यांना नुकती कुठे झोप लागलेली असते, तेव्हा. एक म्हातारी रोज रडते आणि मी फेरीला यायच्या आधी या मुली तिचे डोळे पुसतात.

मी "कळलं" म्हटलं. तो शब्द इतका जड असतो हे तू लिहिलं नव्हतंस. मग स्टोअरमध्ये जाऊन चादरींच्या गठ्ठ्यात तोंड घालून रडले. मला माज होता ना त्या वॉर्डाचा? ज्या बायका मला टवटवीत, शिस्तीत बसलेल्या दिसायच्या, त्या झोपेतून उठवलेल्या होत्या. माझ्यासाठी.

आता फेरी उशिरा आहे. वॉर्ड गबाळा दिसतो. कुणी अर्धवट पांघरुणात, कुणी भिंतीकडे तोंड करून. मोठे डॉक्टर म्हणाले, "हे काय चाललंय?" मी सांगितलं, झोपल्या आहेत. परवा सकाळी दारात उभी राहिले आणि आत गेलेच नाही. सगळा वॉर्ड झोपलेला, ठमे. तेवढे श्वास एकदम. देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं मला. इतकी वर्षं त्या खोलीत काढली आणि तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

धाकटी सिस्टर आता काहीबाही सांगत असते, मला नको असलं तरी. परवा म्हणाली की मी फोनवर फार मोठ्याने बोलते. तुझे दादा म्हणाले, "ही मुलगी हुशार आहे."

काच निघेल तेव्हा कळव. अखंड निघाली नाही तरी कळव, आधी मला.

तुझी,
वहिनी

---

३० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

आधी तुलाच. काच निघाली.

सगळं सांगते, थांब. आज सकाळी भट्टीचं झाकण उचलायचं होतं. साहेब होते, वेधशाळेच्या बाई होत्या आणि त्यांच्याबरोबर बरीच मंडळी, कॅमेरे घेऊन. आमच्या तिन्ही पाळ्या एकदम हॉलमध्ये, सगळे धुतलेल्या कपड्यांत. मला रात्री झोप नव्हती. गवई म्हणाला, त्यालाही नव्हती, पण तो दुपारी झोपणार नाही. आम्ही दोघं हसलो.

झाकण वर गेलं. वहिनी, मी तुला इतक्या वेळा काच काच म्हणून लिहिलं, पण मी ती खरी आत्ता पाहिली. उजेडात. काही नाहीच असं वाटलं आधी, आणि मग लक्षात आलं की पलीकडची भिंत जरा निराळी दिसतेय, खोल, हिरवट, तळाला गेल्यासारखी. तिच्यावर छपराच्या खिडक्या उतरल्या होत्या. त्या वेधशाळेच्या बाईंनी तोंडावर हात धरला होता. साहेबांनी टोपी काढली. मास्तरीणबाई रडत होत्या आणि रडताना आकडे पुटपुटत होत्या. मग टाळ्या सुरू झाल्या, साहेबांनी माझा हात हातात घेतला, पाहुणे कॅमेरे काढू लागले.

गवई तेवढ्यात दिवा घेऊन कडेकडेने फिरत होता. ते त्याचं काम होतं, आम्हीच ठरवलेलं. अर्धी फेरी झाल्यावर तो थांबला. वाकला. बोट फिरवलं. मग सरळ उभा राहिला आणि टाळ्या चालू असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, इथे कडेला चीर आहे. बोटाच्या पेराएवढी."

टाळ्या थांबल्या. साहेबांनी माझा हात सोडला. मी विचारलं, "आत गेलीय?" तो म्हणाला, "नाही गेलेली. पण आहे."

वेधशाळेच्या बाई गुडघ्यांवर बसल्या. दिवा घेतला, भिंग लावलं, मोजलं, आणि उठून हसल्या. एवढी कड त्या घासून काढतातच, म्हणाल्या. आरशात ती येणारच नाही. उलट आत्ता कळलं ते बरं झालं, कळलं नसतं तर वाटेतल्या हादऱ्याने ती चीर आत सरकली असती. आता आधी इथेच घासून मग नेतील. पाहुणे पुन्हा बोलू लागले, कुणीतरी चहा आणला. संध्याकाळी साहेबांनी मला सांगितलं, हॉल तुमचा.

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी उड्या मारीन. मारल्या नाहीत, कारण सबंध दिवस माझ्या मनात दुसरंच काही घर करून बसलं होतं, आणि तुला लिहितेय ते खरं त्यासाठी.

बाई अजून चीर मोजत होत्या. काय निघणार ते कुणालाच माहीत नव्हतं. गवईलाही नाही. कड घासून काढतात हे त्याला ठाऊक नव्हतं, मी नंतर विचारलं. तेव्हा साहेब त्याच्याजवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, हे आत्ता, सगळ्यांसमोर सांगायलाच हवं होतं का?"

गवईने त्यांच्याकडे पाहिलं. उर्मटपणे नाही, घाबरूनही नाही. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता. जरा विचार करून म्हणाला, "मग कधी सांगायचं, साहेब?"

वहिनी, काचेसमोर मी रडले नव्हते. तेव्हा मात्र मला भिंतीकडे तोंड करावं लागलं. ज्याला मी याच हॉलमध्ये चारचौघांत गप्प केलं होतं, तो माणूस एवढ्या लोकांपुढे एवढी वाईट बातमी इतक्या सहज बोलून गेला, आणि ती लपवता आली असती हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. एवढी वाईट बातमी ऐकून माणसाला एवढा आनंद होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. मी काही त्या काचेएवढं मोठं काम केलेलं नाही. पण ते वाक्य जिथे बोललं गेलं, त्या हॉलची मी प्रमुख आहे.

आईला सांग, पुढच्या महिन्यात येते.

तुझी,
ठमी